मे महिन्यातली बिटं: अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात बटणं का सुटली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत, टॉवेल-चादरींच्या मागांच्या शेजारी, बोअर खोदायची बिटं बनवणारं एक छोटं युनिट. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग-ड्रिलिंग मशीन), एक हायड्रॉलिक प्रेस. माल मुख्यतः एकच: साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचं डीटीएच (डाउन-द-होल) बटण-बिट. हॅमर रॉडच्या टोकाला बोअरमध्येच उतरतो, हवेच्या दाबाने त्यातला पिस्टन बिटाच्या शेपटीवर ठोके देतो आणि बिटाच्या तोंडावरची टंगस्टन कार्बाइडची बटणं कातळ चिरडतात. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, बार्शी, कुठेही बोअर घ्या; वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. मध्ये कुठे मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा मऊ खडक लागतो, कुठे लाल गेरूचा पट्टा लागतो, पण बिटाची खरी परीक्षा घेतो तो अखंड काळा पाषाणच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोअर मारणाऱ्या दोन गाडीवाल्यांनी मिळून सात बिटं परत आणली. तक्रार एकाच वाक्याची होती: "मालक, दोनशे फुटांच्या आत बटणं गळाली." सात बिटांतून बारा बटणं गेली होती. अकरा कडेची आणि एक तोंडावरचं. उरलेल्या बटणांची झीज जवळजवळ शून्य. म्हणजे बिट म्हातारं होऊन गेलं नव्हतं, तरुणपणीच गेलं होतं.

पहिल्या दिवशी एक चांगली गोष्ट घडली: कोणी बिट धुतलं नाही, घासलं नाही, भंगारात टाकलं नाही. रिकामी भोकं जशीच्या तशी तपासायला मिळाली. बटण गेलं एवढं कळून काही उपयोग नाही, ते कसं गेलं हे भोक सांगतं. भोकात कार्बाइडचा बुंधा उरला असेल तर बटण तुटलंय. मग संशय कार्बाइडवर किंवा लोखंडाचा तुकडा आत पडून त्यावर ठोके बसल्यावर. भोकाची कडा फाटून बाहेर वळली असेल, किंवा भोकापासून हवेच्या छिद्रापर्यंत तडा गेला असेल, तर बॉडीच्या पोलादाकडे आणि हीट ट्रीटमेंटकडे वळायचं. इथे बाराही भोकं अखंड, रिकामी, कडा शाबूत. बटण तुटलं नव्हतं, सरळ उपटून निघालं होतं. पकडच कमी होती.

पकड येते कुठून, ते आधी आकड्यांत मांडलेलं बरं. या बिटात कडेला ३५ अंशांच्या तिरकसावर ८ आणि तोंडावर ७ बटणं आहेत, सगळी १६ मिलिमीटरची. बॉडी ईएन २४ या मिश्र पोलादाची. ८४० अंशांवरून तेलात विझवून साधारण ४३० अंशांवर टेम्पर केलेली, कडकपणा रॉकवेल मापावर ४१ ते ४३ एचआरसी. हीट ट्रीटमेंटनंतर भोकं पाडायची: आधी १५.७ मिमीचं कार्बाइड ड्रिल, मग १६ एच७ रीमर, म्हणजे भोक अचूक मापाला आणणारं हत्यार. त्यामुळे भोक १६.००० ते १६.०१८ मध्ये येतं. बटणाचा दांडा घासून १६.०८ ते १६.०९ केलेला. म्हणजे भोकापेक्षा बटण ६२ ते ९० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठं, हीच आवळणी, सरासरी पंचाहत्तर. ते थंड अवस्थेतच प्रेसने १८ मिमी खोल दाबून बसवतात. ना गोंद, ना ब्रेझिंगची झाळ. चेपलेलं पोलाद परत यायला बघतं आणि बटणाला आवळून धरतं, पकड ती एवढीच.

ही पकड मोजता येते. पोलादाचा आणि कार्बाइडचा ताठरपणा धरून, ०.१२ च्या घर्षणाने हिशेब केला, तर १६ मिमीच्या बटणाला १८ मिमी खोलीवर प्रत्येक १० मायक्रॉन आवळणीमागे जवळपास ९३० किलो जोर लागतो. भोक गुळगुळीत असेल तर पंचाहत्तरपैकी सुमारे सत्तर मायक्रॉन कामाला येतात. बटण बसायला साडेसहा टनांच्या आसपास लागायला हवेत. या युनिटच्या प्रेसचा रॅम १०० मिमीचा, क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे बटण तळाला टेकण्याच्या जरा आधी प्रेसच्या दाबाचा काटा ८० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या जवळ दिसायला हवा. तळाला टेकल्यावर काटा उडी मारतो, तो आकडा निरुपयोगी. हा ८० चा आकडा लक्षात ठेवा, प्रकरण शेवटी त्याच्यावरच सुटलं.

सुरुवातीला मात्र सगळ्यांची बोटं चार वेगळ्या दिशांना होती.

पहिला संशय उन्हावर. मे महिन्यात शेडमध्ये ४१ अंश, आणि सोलापूरकराला उन्हावर ढकलणं सगळ्यात सोपं. मापं २० अंशांना धरलेली असतात, उन्हात सगळं फुगतं, म्हणून मापं चुकली असणार असा तर्क. पण पोलाद दर अंशाला लाखात सुमारे १.२ भाग फुगतं आणि कार्बाइड निम्म्याहून कमी, जवळपास ०.५ भाग. १६ मिमीवर २१ अंशांच्या फरकाने दोघांच्या मापात अडीच मायक्रॉनच्या आतबाहेर तफावत येते. पंचाहत्तरमध्ये अडीच म्हणजे काहीच नाही. ड्रिलिंगनंतर बॉडी गरम असतानाच भोक मोजलं तर ते खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, मग आपण मोठं बटण निवडतो, आणि गार झाल्यावर पकड उलट वाढते. त्यात तडे जाण्याची भीती असते, बटण गळण्याची नव्हे. खाली कातळात बिटाचं तोंड १०० अंशांनी तापलं असं धरलं, तरी आवळणी ११ मायक्रॉनने घटते. पंचाहत्तरमधून अकरा गेले तरी बटण हलत नाही. पंचवीसच शिल्लक असतील तर मात्र अकरा फार झाले. म्हणजे उन्हाने बटण काढलं नव्हतं, पण आधीच सैल असलेल्याला खालच्या उष्णतेने हात दिला असेल.

दुसरा संशय बटणांवर. त्याच लॉटची न वापरलेली वीस बटणं घेतली. हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढली: १४.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या जवळ, ६ टक्के कोबाल्टच्या मालाला शोभणारी. मायक्रोमीटरने व्यास सगळ्यांचा १६.०८ ते १६.०९ मध्ये. एवढ्यावर थांबणं मात्र धोक्याचं असतं. दांडा घासायच्या सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये तो कधी कधी पूर्ण गोल न राहता किंचित तीन पाखी होतो, आणि अशा दांड्याचा व्यास मायक्रोमीटरला कुठूनही सारखाच दिसतो. ते पकडायला बटण व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून, वर डायल गेज टेकवून फिरवावं लागतं. तसं फिरवलं; काटा तीन मायक्रॉनच्या वर हलला नाही. बटणवाला निर्दोष. कार्बाइडला दोष देऊन पत्र पाठवण्याची घाई कोणी केली नाही, हे बरंच झालं.

तिसरा संशय हीट ट्रीटमेंटवर. बॉडी मऊ राहिली तर ठोक्यांनी भोकाचं तोंड पसरतं. सात बिटांची कडकता तोंडावर आणि दांड्यावर घेतली: ४१ ते ४२ एचआरसी. तोही प्रश्न मिटला.

चौथा संशय गाडीवर, आणि तो पूर्णपणे खोटा नव्हता. मांजऱ्या किंवा पोकळी लागली की बिट कातळाला टेकलेलं राहत नाही; तशात हॅमर चालू राहिला तर ठोका कातळात जाण्याऐवजी बिटातच परततो, आणि परतणारी लाट ओढीची असते. ती बटणाला भोकातून बाहेर ढकलते. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांवरचे मुरलेले ऑपरेटर आवाज बदलला की लगेच हात आवरतात, पण घाईत प्रत्येकाला ते जमतंच असं नाही. तरीही त्याच दोन गाड्यांवर, त्याच ऑपरेटरांकडे, मार्च-एप्रिलची बिटं काहीही तक्रार न करता झिजेपर्यंत चालली होती. माणूस तोच, कातळ तोच, बिट मात्र वेगळं.

इथे बिटाच्या दांड्यावर पंच केलेला नंबर कामाला आला. प्रत्येक नंबरापुढे रजिस्टरमध्ये ड्रिलिंगची तारीख होती. परत आलेली सातही बिटं ९ मेनंतर ड्रिल झालेली. त्याआधीचं एकही नाही. नंबर पंच न करणाऱ्या युनिटात हे प्रकरण इथेच अडकलं असतं.

मग एक बिट, कडेचं एक बटण अजून जागेवर असलेलं, त्या बटणाच्या मधोमध वायर-कटने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने, कापलं. कार्बाइड आणि पोलाद दोन्ही वायर-कटने एकदम कापता येतात, त्यामुळे बटण हलत नाही आणि भोकाची भिंत आहे तशी समोर येते. दोन गोष्टी दिसल्या. बटणाच्या तळाशी, ड्रिलच्या टोकाने सोडलेल्या खळगीत, पोलादाचा बारीक भुसा दाबून बसला होता. आणि भोकाच्या तोंडाशी, पहिल्या पाच-सहा मिमीत, बटण आणि भिंत यांच्यामध्ये बारीक काळी रेघ होती. तिथे दोघं एकमेकांना नीट टेकलेलेच नव्हते.

भुसा आला कुठून? मे महिन्यात ड्रिल झालेल्या पण बटणं न दाबलेल्या काही बॉडी स्टोअरमध्ये पडून होत्या. त्यांतल्या तीन बॉडींच्या भोकांची खरखर मोजली. चांगल्या भोकाला आरए (सरासरी खरखर) ०.८ आणि आरझेड (उंचवट्यापासून दरीपर्यंतची उंची) ५ मायक्रॉन येतो. इथे आरए ३.६, आरझेड २४. बोटाच्या नखालाही ते कळत होतं. भोकाचा व्यास मध्यावर १६.०१५, बरोबर ड्रॉइंगप्रमाणे. तोंडाशी मात्र १६.०५५.

दोन्ही दोष तपासणीतून सुटले कसे, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. बोअर गेजचे दोन टोक भिंतीच्या उंचवट्यांवर टेकतात, दऱ्यांमध्ये उतरत नाहीत. त्यामुळे खरखरीत भोकसुद्धा मापात दिसतं. नो-गो गेज, म्हणजे मापातल्या भोकात शिरू नये असा मापक, तोंडाशी चार-पाच मिमी आत शिरत होता आणि मग अडत होता. भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असल्यामुळे तो एरवीही एखादा मिलिमीटर शिरतो, म्हणून "अडतोय ना, मग पास" असा रिवाज पडला होता. एक मिलिमीटर शिरणं आणि पाच मिलिमीटर शिरणं यांत बिटाचा जीव असतो. त्यातही कडेच्या बटणांना बोअरच्या भिंतीचा आडवा रेटा बसतो आणि ती भोकाच्या तोंडाशी उचकटली जातात. तोंडाचीच पकड गेली की तळाची पकड फार काळ टिकत नाही. बारापैकी अकरा बटणं कडेची का, याचं उत्तर इथे आहे.

आता हिशेब. प्रेस-फिटच्या गणितात दोन्ही पृष्ठभागांच्या आरझेडच्या बेरजेचा सुमारे ०.८ भाग दाबताना चेपला किंवा खरवडला जातो असं धरतात. भोकाचे २४ आणि बटणाचे २ मिळून २६, त्यातून २१ मायक्रॉन गेले. मध्यावर मूळ आवळणी ७०, तिथे उरले ४९. तोंडाशी मूळ आवळणीच ३०, तिथे उरले ९. तेरा मिमी खोलीवर ४९ आणि पाच मिमीवर ९ असं धरून जोर काढला तर साडेतीन टन येतात. साडेसहाच्या जागी साडेतीन.

कागदावरचा हिशेब पटायला प्रत्यक्ष ताळा लागतो. त्या तीन बॉडींत बटणं दाबली आणि प्रत्येक वेळी काट्यावर एक माणूस उभा केला. काटा ३८ ते ४८ मध्ये राहिला. एप्रिलमध्ये ड्रिल झालेल्या एका जुन्या बॉडीत दाबली तेव्हा ७६ ते ८६. सगळा फरक काटा पहिल्या दिवसापासून दाखवत होता. प्रेसवरचा माणूस बटण तळाला टेकल्याची उडी तेवढी बघायचा. मधला आकडा लिहायची पद्धत नव्हती, तर दिसणार कुणाला?

राहिला प्रश्न रीमरने असं का केलं. रीमर नवा होता, रनआउट (फिरताना बाजूला होणारी हालचाल) १० मायक्रॉनच्या आत, वेग २४० आरपीएम, फीड ०.१५, सगळं एप्रिलसारखंच. धारेवर मात्र भिंगाखाली पोलादाचे चिकटलेले कण दिसले. कापलेला धातू धारेला डकवून बसला की रीमर त्या ढेपीने कापतो, धारेने नाही: भिंत फाटते आणि तोंडाशी, जिथे रीमर तिरक्या पृष्ठभागात शिरताना आधीच डुगडुगतो, भोक मोठं होतं. असं चिकटणं वंगण कमी पडल्याचं लक्षण. आणि व्हीएमसीच्या कूलंटच्या, म्हणजे धार थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या, टाकीवर पांढरट, चिकट साय तरंगत होती.

उन्हाळ्यात सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत कूलंटच्या टाकीसाठी वसाहतीतल्याच बोअरचं पाणी सुरू झालं. त्या पाण्याचा कठीणपणा तपासला तर ६२० मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पर्यायी स्रोत नसतानाची कमाल मर्यादाही ६०० आहे. टाकी २०० लिटरची, त्या उन्हात रोज १५ लिटर उडून जायचे आणि तेवढंच बोअरचं पाणी वरून ओतलं जायचं. उडतं ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. सुरुवातीचे १२४ ग्रॅम आणि रोजचे ९.३ ग्रॅम, वीस दिवसांत ३१० ग्रॅम. २०० लिटरमध्ये हा कठीणपणा १,५५० झाला. एवढ्या कॅल्शियम-मॅग्नेशियममध्ये विरघळणाऱ्या तेलातला साबणी घटक टिकत नाही. त्याचा न विरघळणारा चोथा होतो, तेल पाण्यापासून सुटून वर येतं, तीच साय. रीमरच्या धारेपर्यंत पोचत होतं ते जवळजवळ नुसतं पाणी. मिश्रणातलं तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर, तेलाचा गुणक लावून, ८ टक्क्यांच्या जागी ३ टक्के आले. वीस दिवस एप्रिलच्या त्या शेवटच्या दहा दिवसांच्या सुरुवातीपासून मोजले तर मेचा दुसरा आठवडा येतो. रजिस्टरमधली ९ मे तिथेच बसते.

ज्या बोअरसाठी बिटं बनतात त्याच बोअरच्या पाण्याने ती बिघडवली, हे कळल्यावर युनिटमध्ये काही वेळ कोणी बोललं नाही.

दुरुस्ती साधी होती, पण अर्धवट केली असती तर फुकट गेली असती. टाकी पूर्ण उपसली, साय आणि गाळ खरवडून काढला, मशीन-क्लीनर घालून पाइपांतून दोन तास फिरवला आणि तोही काढून टाकला. जुन्या टाकीत नवं तेल ओतून टक्केवारी वर आणण्याचा मोह होतो. क्षार तिथेच राहत असल्याने ते तेलही आठवड्यात फाटतं. नवं मिश्रण आरओच्या पाण्यात ८ टक्क्यांवर केलं. पाण्यात तेल सोडायचं, तेलात पाणी कधीच नाही. उलट केलं की घट्ट गोळे होतात आणि ते पुन्हा मोडत नाहीत. रोजची भर नुसत्या पाण्याने न टाकता २ ते ३ टक्क्यांच्या पातळ मिश्रणाने. सकाळी पहिल्या जॉबआधी रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन, आणि आठवड्यातून एकदा पीएच, जो ८.५ ते ९.५ मध्ये हवा. आरओचा खर्च आहे, पण एका परत आलेल्या बिटात बॉडी, पंधरा बटणं आणि ग्राहकाचा एक दिवस जातो, हे समोर ठेवून तो खर्च बघावा.

ड्रिलिंगमध्ये एक बदल केला जो पाण्याशी संबंधित नव्हता, पण फार आधी व्हायला हवा होता. कडेच्या भोकांसाठी ३५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर आधी एंड मिलने सपाट जागा काढायची, मगच ड्रिल. सपाट जागेत शिरणारं ड्रिल सरकत नाही, आणि सरळ भोकात रीमरही सरळ जातो. नो-गोची खूण बदलली: गेजवर दीड मिलिमीटरला एक कोरीव रेघ मारली. रेघ बुडाली की जॉब बाजूला.

दाबण्यापूर्वी भोक दाबाच्या हवेने फुंकायचं आणि अॅसिटोनच्या फडक्याने पुसायचं. तळाशी कूलंट राहिलं तर त्याला पळायला जागा नसते. बटण टेकल्यासारखं वाटतं आणि दाब सुटला की किंचित वर येतं. आणि प्रेसशेजारी एक वही आली: बिटाचा नंबर, भोकाचा नंबर, टेकण्याआधीचा काटा. ७० ते ९५ चालतं. ७० च्या खाली आलं की बिट थांबवायचं. ९५ च्या वर गेलं तर भोक लहान आहे किंवा बॉडी जास्त कडक आहे, आणि भोकाभोवती डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तडा बघायचा.

न विकलेल्या मे महिन्याच्या ज्या बॉडींत अजून बटणं दाबली नव्हती, त्यांची भोकं १६.२ मिमीला रीम करून १६.२८ ची बटणं घातली. काटा पुन्हा ऐंशीच्या जवळ आला. हे एकदाच करता येतं. कडेच्या भोकाबाहेरची पोलादाची भिंत आधीच पातळ असते, दुसऱ्यांदा वाढवलं तर ती फाटेल.

एक गोष्ट मात्र आवर्जून थांबवावी लागली. सुटलेल्या बटणाच्या जागी नवं बटण घालून भोवती वेल्डिंग मारून देणारे लोक बाजारात आहेत, आणि एका गाडीवाल्याने दोन बिटं तशी करूनही घेतली होती. वेल्डिंगच्या आचेने भोवतालचं ४२ एचआरसी पोलाद काही ठिकाणी मऊ पडतं, काही ठिकाणी काचेसारखं ठिसूळ होतं, आणि कार्बाइडला आतून तडे जातात. ती दोन्ही बिटं पन्नास फुटांच्या आत गेली. एकाचं बटण बोअरमध्येच पडलं आणि पुढच्या बिटाची चार बटणं त्याच्यावर फुटली. बोअरच्या तळाशी पडलेलं कार्बाइड बिटाने फोडायला गेलं तर बिटाचीच बटणं जातात. ते मॅग्नेटने किंवा चिकणमाती टाकून, त्यात रुतवून बाहेर काढावं लागतं, आणि तोवर गाडी उभी.

गाडीवाल्यांना नव्या बिटाबरोबर दोनच सूचना लिहून दिल्या. पोकळी लागून बिट सुटलं की आधी ठोके थांबवा, मग टेका. आणि बटणावरचा झिजलेला सपाट भाग व्यासाच्या एक तृतीयांश झाला, म्हणजे १६ च्या बटणावर पाच मिलिमीटर, की बिट काढून बटणांना पुन्हा गोलाई द्या. सपाट बटण कातळ चिरडत नाही, ठोका परत बिटाकडे पाठवतं.

जुलैपासून ऑगस्टअखेर ड्रिल झालेल्या बिटांपैकी बटण सुटल्याची एक तक्रार आली. वहीत त्या भोकापुढे ७१ लिहिलेलं होतं. मर्यादेत, पण काठावर. त्यानंतर खालची मर्यादा ७० वरून ७४ केली.